ताईंना विचारा : बेटावरच्या गावाचा सण आणि आपलं पाहुणं कुटुंब

या महिन्यात नवापूर तालुक्यातून एका आजींचं मोठं पत्र आलं आणि योगायोगानं बाकीची तीन पत्रंही तिथंच येऊन टेकली, चर्चचा सण, गावजेवण आणि परक्या गावात पाहुणं म्हणून बसणं. त्यामुळे नेहमीचे जमीन-नोकरी-लग्नाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागवू नका.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. माझा मुलगा, सून आणि दोन नातवंडं (मोठा ९ वर्षांचा, धाकटी ४) मागच्या वर्षी मिशनच्या कामासाठी पॅसिफिकमधल्या सोलोमन आयलंड्सला गेलेत, इसाबेल नावाच्या बेटावर. मुलगा नर्सिंग शिकलेला आहे, सून मुलांना शिकवते. आता २९ जूनला त्यांच्या गावातल्या चर्चचा वार्षिक सण आहे, पेत्र आणि पौलाचा. शेजारच्या गावांतून बोटी भरून लोक येणार, जेवणं, गाणी, नाच सगळं. यांना खास आमंत्रण आहे. अडचण अशी की सून माहेरून शाकाहारी, अजूनही मटण-मासे खात नाही, आणि तिथं मान म्हणजे डुक्कर, ते तर माझा मुलगाही खात नाही. तो म्हणतो आई, आपण उपासनेला जाऊ आणि जेवायच्या टायमाला हळूच घरी येऊ. मला ते पटत नाही पण इथं बसून मी काय सांगणार. शिवाय आपल्या मंडळीत संतांचे सण पाळत नाहीत, तिथं धूप, मिरवणूक असतं म्हणे, मग जावं का? भेट काय न्यावी? आणि त्यांना एक आयटम पण करायला सांगितलाय. फार टेन्शन आलंय. – एक आजी, नवापूर तालुका

उत्तर : ताई, आजच फोन लावा आणि मुलाला सांगा की जेवायच्या टायमाला घरी निघून येऊ नकोस. बाकी काही इकडंतिकडं झालं तर लोक सांभाळून घेतात, पण गावानं महिना-महिना राबून, डुकरं पोसून, मळ्यातले कंद उकरून जे जेवण मांडलंय त्यावरून उठून गेलात तर ते कोणी तोंडावर बोलणार नाही आणि कोणी विसरणारही नाही. हे मी यजमानांच्या बाजूनं सांगतेय कारण मी त्याच बाजूला वाढलेय.

माझं लहानपण चिंचपाड्याकडच्या एका पाड्यावर गेलं. नाताळला मंडळीचं प्रीतिभोजन असायचं, चर्चपुढचं अंगण सारवून पंगत बसायची, पळसाच्या पत्रावळी, भात, मटणाचा पातळ रस्सा आणि वर चिरलेला कांदा. मिशनचं कुटुंब यायचं, साहेब, मॅडम आणि त्यांची पोरं. आमची माणसं मान म्हणून मास्तरांच्या घरून टेबल-खुर्च्या आणायची, चिनी मातीच्या प्लेटा मांडायची. काही कुटुंबं तिथंच बसून जेवायची, काही आपला डबा आणि उकळलेलं पाणी बरोबर आणायची, त्यांना दोष देत नाही मी, पोटाचे त्रास व्हायचे त्यांना. पण एक मॅडम होत्या, त्या आधी खुर्चीवर बसल्या, म्हणजे मांडणाऱ्यांचा मान राहिला, दोन घास खाल्ले आणि मग उठून सरळ बायकांच्या पंगतीत माझ्या आजीशेजारी मांडी घालून बसल्या. रस्सा वाढला तसा तो पत्रावळीवरून वाहायला लागला, तर आजीनं बाजूचा एक खडा उचलून त्यांच्या पत्रावळीच्या कडेखाली सरकवला, कड वर आली की रस्सा थांबतो ना. पुढच्या नाताळला त्या बसल्या बसल्या स्वतःच खडा शोधत होत्या. माझी आजी मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची, त्यांनी प्रवचनात काय सांगितलं ते मात्र तिला कधीच आठवायचं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मिशनरी कुटुंबानं सणाच्या दिवशी पाहुणं व्हावं, मनापासून, पोटभर. रोज तुम्ही देता, औषध देता, शिकवता, त्या दिवशी गाव देणार आणि तुम्ही घेणार. घेता येणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि देणाऱ्या माणसांना तीच जड जाते.

आता खाण्याचं. माझी मावसबहीण आणि तिचे मिस्टर नोकरीनिमित्त होनियाराला, म्हणजे तिथल्या राजधानीला, काही वर्षं राहून आलेत, त्यामुळे तिथल्या जेवणांच्या गोष्टी आमच्या घरात पुष्कळ. सुनेला सांगा उपाशी राहायची वेळ येणार नाही. तिथलं रोजचं अन्नच मुळात कंद, रताळं, अळूचे कंद, कसावा. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तोच, आपण एकादशीला खातो ते झाड तिथं परसात उभं असतं. कच्चा कसावा किसून त्यात नारळाचं दूध घालून केळीच्या पानात बांधतात आणि भाजतात, त्याला ते पुडिंग म्हणतात, सणाला हे हवंच. एक पालेभाजी असते, भेंडीच्या कुळातली, शिजली की भेंडीसारखीच बुळबुळीत, ती नारळाच्या दुधात करतात. पपई, केळी, शहाळी, शिवाय भात, भात तर आता सगळीकडं. हे सगळं शिजतं दगडांच्या भट्टीत, आधी लाकडं पेटवून दगड लालबुंद तापवायचे, मग पानात बांधलेलं अन्न त्यावर रचायचं, वरून आणखी तापलेले दगड आणि केळीच्या पानांचे थर, आणि तास न् तास तसंच ठेवायचं. डुक्करही बऱ्याचदा त्याच भट्टीत असतं, सुनेला ते चालत नसेल तर पानात वेगळं बांधलेलं कुठलं ते स्वयंपाक करणाऱ्या बायकांनाच आधी विचारून ठेवावं, त्या नक्की सांगतील.

आणि डुक्कर न खाण्याचं तिथं कोणाला नवल वाटणार नाही ही गोष्ट तुमच्या मुलाला बहुतेक अजून कळली नसावी. त्या देशात सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक भरपूर आहेत, ते डुक्कर खात नाहीत, शिंपले-खेकडेही खात नाहीत, सुपारीही नाही. म्हणजे शेजारच्या गावातले, कधी कधी सोयऱ्यांतलेच लोक डुक्कर सोडून बाकी पंगत जेवतात हे गावाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. फक्त सांगायचं ते आधी सांगा, चार दिवस आधी, ज्या बाई जेवणाचं बघतात त्यांना, हळू आवाजात. ऐन वाढताना हात आडवा धरला की ज्यानं तो तुकडा खास तुमच्यासाठी राखून ठेवला त्याचं तोंड उतरतं. मानाचा वाटा पुढ्यात आलाच तर घ्यायचा, आभार मानायचे आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला द्यायचा, किंवा पानात बांधून ज्या घरातून कोणी येऊ शकलं नाही तिथं पोचवायचा. उरलेलं पानात बांधून घरी नेणं तिथं अगदी रीतीतलं आहे, आपल्यासारखी पिशवी लपवावी लागत नाही.

सुपारीही पुढं करतील. ओली सुपारी, चुना आणि पानवेलीच्या जातीचं फळ किंवा पान, चुना पोवळी भाजून केलेला. ओल्या सुपारीनं सवय नसलेल्याला गरगरतं, आणि सुपारीनं कॅन्सर होतो हे खान्देशातल्या माणसाला काय सांगायचं, गुटख्यानं आपल्या किती घरांत माणसं गेली. हसून नको म्हणावं, त्याचं कोणी वाईट घेत नाही.

भेट काय न्यावी, तर तांदळाची गोणी, साखर, चहा, मीठ, बिस्किटांचे पुडे. पण नेण्यापेक्षा कशी द्यायची ते महत्त्वाचं. सणाच्या दिवशी माइकवर नाव पुकारून द्यायची नाही. एक-दोन दिवस आधी बायकांच्या मंडळाकडं पोचती करायची, तिथल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, चर्चमध्ये मदर्स युनियन फार जोरात आहे, गावजेवणाचा हिशोब बऱ्याचदा त्यांच्याच हातात असतो. सगळ्या घरांचं येतं त्याच ढिगात तुमची गोणी गेली पाहिजे, कोणती कोणाची ते कळायलाही नको. आणि गावात जो बेत आहे त्याच्या वरचढ काही करू नका, म्हणजे तुम्ही एकट्यानं पाच गोण्या दिल्यात तर ज्यानं टोपलीभर रताळी आणली त्याची टोपली लहान दिसते. ते फार वाईट दिसतं ताई, आपल्याकडच्या भंडाऱ्यातही पैसेवाल्यानं असं केलं की बाकीचे गप्प होतात.

त्याहून मोठी भेट म्हणजे हात. आदल्या दिवशी सुनेनं बायकांबरोबर बसावं, नारळ खवायला. आपल्याकडं खोबरं म्हणजे सुकी वाटी आणि किसणी, तिथं खवणीवर बसून ओले नारळ खवत राहायचे, खांदे भरून येतात, पण तिथल्या अर्ध्या गप्पा तिथंच होतात, कोणाच्या पोराला ताप आहे, कोणाची सून रुसून गेली, सगळं. इसाबेलमध्ये जमीन आईच्या बाजूनं चालत येते, तेव्हा त्या बायकांच्या शब्दाला घरात वजन आहे, सुनेची तिथं बसउठ झाली तर पुढं मुलाला दवाखान्याच्या कामात किती उपयोग होईल ते बघा. मुलानं पुरुषांबरोबर लाकडं आणि दगड वाहावेत. पाहुणे म्हणून नको नको म्हणतील, तरी उचलावेत.

संतांच्या सणाचं. हा प्रश्न तुम्ही मनापासून विचारलाय, म्हणून मीही सरळ सांगते. पेत्र आणि पौल तुमच्या-आमच्या बायबलात आहेतच, २९ जून हा त्यांच्या आठवणीचा दिवस, आणि गावाच्या लेखी तो आपलं चर्च उभं राहिल्याबद्दल देवाची उपकारस्तुती करायचा दिवस आहे. आपण नाही का कापणीच्या सणाला पहिली कणसं, भोपळे, कोंबड्या आणून वेदीपुढं ठेवत, बाहेरून आलेल्या माणसाला ते बघून काय काय वाटत असेल. इसाबेल जवळजवळ सगळं अँग्लिकन आहे, तिथली उपासना धूप, झगे, मिरवणूक अशी भरजरी असते, चर्चमध्ये पानाफुलांची सजावट, कुठं कुठं लाकडात चमकत्या शिंपल्यांचं जडावकाम. तुमच्या मुलानं उभं राहायच्या वेळी उभं राहावं, गाता येईल ते गावं, जे मनाला पटत नाही तिथं शांत राहावं. प्रभुभोजन घ्यायचं की नाही ते आदल्या दिवशी तिथल्या फादरना भेटून विचारून घ्यावं, वेदीपाशी जाऊन घोळ नको. पुरुष एका बाजूला आणि बायका एका बाजूला बसण्याची पद्धतही बऱ्याच गावांत आहे, आपल्या जुन्या मंडळ्यांत होती तशीच, तेव्हा कुटुंब एकत्र बसलंच पाहिजे असा हट्ट नको.

आयटमचं सोपं आहे. प्रोजेक्टर नको, साक्ष म्हणून अर्धा तास भाषण तर अजिबात नको, भाषणं तिथंही कमी नसतात. चौघांनी मिळून आपल्या मावची बोलीतलं एखादं भजन म्हणावं, पोराला डफ किंवा डबा वाजवू द्यावा. त्यांच्याकडं बांबूच्या बासऱ्यांचे ताफे असतात, लहानमोठ्या नळ्या एकत्र बांधलेल्या, त्यापुढं आपलं गाणं साधंच वाटेल आणि ते चांगलंच आहे. शेवटी तिथल्या पिजिन भाषेत "तागियो तुमास" म्हणायचं, म्हणजे खूप आभार, आणि खाली बसायचं.

पोरांबद्दल मात्र जरा कडक सांगा. दुसऱ्या गावाला बोटीनं जायचं झालं तर लाइफ जॅकेटशिवाय पाय ठेवायचा नाही, त्या महिन्यांत आग्नेयेकडून वारा लागतो आणि उघड्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, बोटी म्हणजे मागं मोटर लावलेल्या फायबरच्या लहान होड्या. खारफुटीत आणि ओढ्याच्या तोंडाशी मगरी असतात, कुठं पाण्यात उतरायचं ते गावच्या पोरांना पक्कं माहीत असतं, नातवाला त्यांच्याबरोबरच ठेवायचं आणि धाकटीचा हात सोडायचा नाही. रात्री नाच चालतात तेव्हा डास फोडून काढतात, मलेरिया त्या देशात आहेच, तर लांब बाह्या आणि झोपायला मच्छरदाणी. पाणी उकळलेलं बाटलीत न्या, पण ती बाटली पिशवीत असू द्या, आणि सगळ्यांबरोबर शहाळं प्या, ते तर देवानंच सील करून दिलंय. सुनेनं मांड्या-गुडघे झाकले जातील असा घेर असलेला स्कर्ट किंवा आपला पंजाबी ड्रेस घालावा. आणि जेवण मांडलेलं असताना अन्नावरून किंवा कोणाच्या पसरलेल्या पायांवरून ओलांडून जाऊ नये, बायकांनी तर मुळीच नाही, हे तिथं बऱ्याच ठिकाणी फार लागतं. आपल्याकडंही आजी ओरडायचीच की.

फोटो आधी विचारून काढावेत आणि जेवताना मोबाईल बाजूला. तुम्हाला फोटो हवे असतील ते मला कळतंय हो, नातवंडं इतकी लांब. नाचाच्या वेळी काढून पाठवायला सांगा.

प्रश्न : ताई, मी अमळनेरला एफवायला आहे. आमच्या वर्गात मिशनरी या विषयावर वाद झाला. एक मित्र म्हणाला पॅसिफिकच्या बेटांवर लोकांनी एका बिशपला मारून टाकलं होतं. हे खरं आहे का? आणि मारलं तर मग आज तेच लोक त्याच चर्चचे सण कसे करतात? – विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : खरं आहे बेटा, पण तुझ्या मित्रानं अर्धीच गोष्ट सांगितली. बिशपचं नाव जॉन कोलरिज पॅटिसन. मेलानेशियन मिशन, म्हणजे सोलोमन आयलंड्स आणि आसपासच्या बेटांवरचं अँग्लिकन मिशन, १८४९ मध्ये न्यूझीलंडचे बिशप सेल्विन यांनी सुरू केलं, आणि पॅटिसन १८६१ मध्ये मेलानेशियाचे पहिले बिशप झाले. माणूस भाषांचा पक्का, बेटांवरच्या वीसेक भाषा तरी त्यांना येत होत्या. जहाज दूर उभं करायचं, स्वतः किनाऱ्याला जायचं, भेटलेल्या माणसांची नावं लिहून घ्यायची आणि पुढच्या खेपेला नावानं हाक मारायची, अशी त्यांची रीत.

त्याच काळात त्या समुद्रात दुसरी जहाजंही फिरायची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आणि फिजीच्या मळ्यांवर मजूर हवे होते, तर दलाल बेटांवर येऊन माणसं फसवून नाहीतर सरळ उचलून न्यायचे. १८६३ ते १९०४ या काळात एकट्या क्वीन्सलँडला सुमारे ६२ हजार माणसं नेली गेली, सगळीच जबरदस्तीनं नव्हे पण सुरुवातीच्या वर्षांत जबरदस्ती फार. कहर म्हणजे काही दलाल आम्ही बिशपकडूनच आलोय असं सांगून लोकांना जहाजावर बोलवायचे. आता तूच सांग, त्या गावानं त्यानंतर खऱ्या बिशपकडं कुठल्या नजरेनं बघायचं.

२० सप्टेंबर १८७१ ला पॅटिसन आजच्या सोलोमन आयलंड्समधल्या नुकापू नावाच्या छोट्या बेटावर गेले. ओहोटीमुळे जहाजाची बोट प्रवाळाच्या कडेवरून आत जाईना, म्हणून ते बेटकऱ्यांच्या होडीत बसून एकटेच गेले, आणि तिथं एका घरात विसावले असताना त्यांना मारलं. बाहेर थांबलेल्या बोटीवर बाण आले, त्यात जखमी झालेले जोसेफ अ‍ॅटकिन आणि बेटांवरचाच स्टीफन तारोआनिआरा हेही पुढं काही दिवसांत धनुर्वातानं गेले. स्टीफनचं नाव लोक विसरतात म्हणून मुद्दाम सांगते. बिशपचा देह चटईत गुंडाळून एका होडीत ठेवून परत सोडून दिला होता, छातीवर माडाची एक फांदी, तिला पाच गाठी मारलेल्या. नुकापूची पाच माणसं दलालांनी नेली होती, त्यांच्याबद्दलचा हा सूड, असा अर्थ तेव्हापासून लावला जातो. अलीकडच्या काही अभ्यासकांनी इतर कारणंही मांडली आहेत, पण दलालांनी केलेला अन्याय कोणी नाकारत नाही.

पुढं ब्रिटिश आरमाराच्या एका जहाजानं नुकापूवर तोफा डागल्या, ते मला या सगळ्यात सर्वात वाईट वाटतं, कारण मेलेला माणूस त्याच लोकांसाठी झटत होता. पण लंडनच्या पार्लमेंटला हलावं लागलं आणि १८७२ मध्ये माणसं पळवण्याविरुद्ध कायदा झाला. नुकापूला नंतर क्रॉस उभारला, त्यावर कोरलंय की ज्यांच्यासाठी त्यानं आनंदानं जीव दिला असता त्यांच्याच हातून त्याचा जीव घेतला गेला. २० सप्टेंबर हा दिवस तिथल्या चर्चच्या कॅलेंडरात आहे.

आणि सण करतात ते कसे, तर ते चर्च आता त्यांचंच आहे म्हणून. गोऱ्या माणसांनी बी टाकलं असेल, पण १९२५ मध्ये तिथल्याच ग्वादलकनाल बेटावरच्या इनी कोपुरिया नावाच्या, आधी पोलीस असलेल्या बेटकरी तरुणानं मेलानेशियन ब्रदरहुड सुरू केलं, स्वतःची जमीन देऊन. हे ब्रदर म्हणजे तिथलीच साधी पोरं, काही वर्षांसाठी लग्न न करण्याचं, पैसा न घेण्याचं आणि आज्ञा पाळण्याचं व्रत घेतात आणि गावोगाव जातात, लोक देतील ते खातात. २००३ मध्ये तिथल्या यादवीच्या काळात शांततेसाठी झटणाऱ्या ब्रदरांपैकी सात जणांची हत्या झाली, तेव्हा अख्खा देश रडला. सोलोमन आयलंड्स देश स्वतंत्र झाला ७ जुलै १९७८ ला, त्याच्या तीन वर्षं आधी १९७५ मध्ये तिथलं चर्च अँग्लिकन चर्चचा स्वतंत्र प्रांत झालं, म्हणजे कारभार त्यांच्याच हाती आला. आपल्या पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं तेव्हा मिशनरी म्हणजे गोरा हे समीकरण होतं, आता नवापूरच्या आजींचा मुलगा इसाबेलला जातोय. वर्गात पुढच्या वादाच्या वेळी कोपुरियाचं नाव घे, वाद जरा वेगळ्या वाटेनं जाईल.

प्रश्न : मी भुसावळला संडे स्कूल घेते. आमच्याकडं मुलांचा रविवार म्हणजे मुलं गाणी म्हणतात आणि मग सगळे मोठे जेवतात, मुलं शेवटच्या पंगतीला. बेटांवर कुठं तरी मुलांचा मोठा सण असतो असं ऐकलं, त्याबद्दल सांगाल का? – संडे स्कूल टीचर, भुसावळ

उत्तर : सामोआ, तोही पॅसिफिकमधलाच बेटांचा देश. ऑक्टोबरचा दुसरा रविवार, त्याला व्हाइट संडे म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी देशाला चक्क सरकारी सुट्टी असते. सामोआत ख्रिस्ती धर्म पोचला तो १८३० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स सवाई बेटावर उतरले तेव्हा, आणि आज तिथली उपासना म्हणजे गावाचं सगळं आयुष्य आहे. त्या रविवारी मुलं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत येतात, नवे कपडे शिवून घेण्यासाठी आयांची आठवडे आधीपासून धावपळ. चर्च त्या दिवशी मुलांच्या ताब्यात. वचनं पाठ म्हणतात, बायबलच्या गोष्टींची नाटकं करतात, गाणी म्हणतात, आणि तीन वर्षांचं पोरही पुढं येऊन एक ओळ तरी म्हणतं, विसरलं तर आई खालून ओठ हलवते.

पण खरी मजा घरी गेल्यावर. सामोआत रोजच्या जेवणात मोठ्यांना आणि मानाच्या माणसांना आधी वाढतात, मुलं वाढायला उभी राहतात आणि नंतर जेवतात. व्हाइट संडेला हे उलटं होतं, मुलं बसतात आणि आई-बाप, आजी-आजोबा वाढतात, चांगला तुकडा आधी मुलांना. वर्षातून एकदा का होईना, पण ज्या पोरानं वर्षभर ताटं उचलली त्याला बाप वाकून वाढतो, हे पोर विसरेल का.

तुम्ही हे भुसावळला कराच. खर्च काहीच वाढत नाही, फक्त पहिली पंगत मुलांची लावा आणि वाढायला मंडळीच्या पंचांना उभं करा, पाळकसाहेबांच्या हातात वरणाची बादली द्या. बट्टी कुस्करून त्यावर तूप सोडायचं कामही मोठ्यांनीच करायचं. एक गोष्ट सांभाळा, पांढरे कपडे सक्तीचे करू नका, सगळ्या घरांना नवे कपडे परवडत नाहीत आणि शाळेच्या शर्टात आलेलं पोर कोपऱ्यात उभं राहिलं तर त्या दिवसाला काही अर्थ राहत नाही. आणि ज्यांना पाठांतर जमत नाही त्यांना घंटा वाजवणं, दिवे लावणं, फुलं ठेवणं अशी कामं द्या, नाव पुकारून.

प्रश्न : आम्ही हिंदू, चोपडा तालुक्यातले शेतकरी. शेतावर काम करणारं एक कुटुंब ख्रिस्ती आहे, त्यांनी नाताळच्या दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या चर्चच्या जेवणाला सगळ्यांना बोलावलंय. जावं का, आणि काय न्यावं? – एक वाचक

उत्तर : जा हो दादा, बायको-पोरांना घेऊन जा. मालक येतो की मुकादमाला पाठवतो यावर त्या घराचा पाड्यावर किती मान राहतो ते ठरतं. प्रार्थना चालू असेल तर मागं बसा, चपला बाहेर, तुम्हाला काही म्हणावं लागणार नाही. केळीचा एक घड न्या, चोपड्याला त्याला काय तोटा, आणि शक्यतो आदल्या संध्याकाळीच पोचवा म्हणजे स्वयंपाकवाल्यांना बेतात धरता येतो. पैशाचं पाकीट देऊ नका. खात नसाल ते आधी सांगून ठेवा, वरण-भात असतोच. खुर्ची दिली तर घटकाभर बसा आणि मग पंगतीत या, आणि भात पुरे झाला असं सांगायचं असेल तर दोन्ही हात पानावर धरा, नुसतं नको म्हटलं तर वाढतच राहतात.